खारूच्या कोपरांबद्दल, सोमवारच्या आधी

प्रिय मैत्रीण,

हा शब्द जुन्या सवयीने उमटला. खोडायला गेले तर कागद घाण दिसेल, म्हणून राहू दे.

सोमवारी कोर्टात आपली गाठ पडणारच आहे. खारू यापुढे माझ्याकडे राहणार की तुमच्या दोघांच्या नव्या घरात, याचा निकाल तिथे लागेल. त्याआधी तुला एक अक्षरही लिहायचं नाही असं माझ्या वकीलबाईंनी बजावलंय, तेव्हा हे पत्र जेवणाच्या सुट्टीत, औषधांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, खोकल्याच्या बाटल्यांच्या खोक्यावर कागद ठेवून लिहितेय. घाबरू नकोस, नवरा परत मागत नाही. ती स्वारी तुला लखलाभ. माझ्या घरात असताना त्याचं मुख्य काम म्हणजे दिव्याचं बटण कुठलं ते विचारणं आणि उत्तर मिळेपर्यंत अंधारात उभं राहणं. तुझ्याकडे तो काही शिकला असेल तर तुझं अभिनंदन. मला लिहायचंय ते मुलीच्या कातडीबद्दल.

तू आमच्या काउंटरवर पहिल्यांदा आलीस तो दिवस मला लख्ख आठवतो. हातात कंपनीची बॅग, पायात उंच सँडल, आणि ओठांवर ते हसू, जे तू सगळ्या दुकानांत घाऊक भावाने वाटत फिरायचीस. बॅगेतून एकेक बाटली काढून मांडलीस. कोरफड, बदाम, मध, गुलाब. प्रत्येकीवर हिरव्या अक्षरांत ‘निसर्गाची माया’. मी एक बाटली उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचली. पाणी, मेण, रंग, वास आणि सगळ्यात शेवटी, लाज राखण्यापुरता, बदाम. या बाटलीला बदाम नुसता लांबून दाखवला असावा, असं मी तुझ्या तोंडावर म्हटलं, तर तू इतकी हसलीस की मालक आतून बाहेर आले. तिथून आपली मैत्री. मग चहा, मग माझ्या घरी येणं-जाणं, मग जेवायला थांबणं. ज्या माणसाने स्वतःच्या मुलीच्या अंगाला कधी तेलाचं बोट लावलं नाही, तो गालावर हात ठेवून तुझ्याकडून बदामाच्या तेलाचे गुण ऐकायचा. मला वाटलं, चला, निदान कान तरी उघडले.

खारूची कातडी कशी आहे ते तुला सांगायला नको, पण त्या घराण्याला सांगून सांगून माझी जीभ झिजली. पाळण्यात होती तेव्हापासून कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या घड्या कोरड्याठाक. थंडी पडली की भेगा, भेगांतून रक्त. खारीसारखी दोन्ही हातांनी भराभर खाजवत बसायची म्हणून तिचं नाव खारू पडलं. नाव ठेवणारी स्वारीच. बापाने मुलीसाठी केलेलं तेवढं एकच काम मला आठवतं. सासूबाईंनी दुधाची साय चोळायला लावली, तर पोरीच्या अंगाला आंबूस वास यायला लागला आणि शेजारचं मांजर तिच्या मागे मागे फिरायला लागलं. नणंदबाई लिंबू आणि मध घेऊन आल्या. चिरलेल्या कातडीवर लिंबू! स्वतःच्या ओठाला जरा चीर पडली की ही बाई आठवडाभर तोंड उघडत नाही, तेवढाच घराला आराम. सगळ्यांचं ते घरगुती, सगळ्यांचं ते नैसर्गिक, आणि पोर कळवळली की धावायचं कुणी, तर मी.

आणि करायचं काय असतं? अंघोळ कोमट पाण्याने, तीही झटपट. साबण बिनवासाचा, लागेल तिथेच. फार खाज सुटली तर मलमलच्या फडक्यात दळलेले ओट्स बांधायचे, पाण्यात पिळायचे आणि ते दुधाळ पाणी अंगावर सोडायचं. मग टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, टिपायचं. अंग ओलसर असतानाच साधं खोबरेल लावायचं. संपलं. ना गुलाब, ना मध. यात न समजण्यासारखं काय आहे ते मला आजतागायत कळलेलं नाही, पण स्वस्तातलं काही त्या लोकांना पटतच नाही. माझी अडचण एकच. डबा उघडला की खारू पळते. कपाटामागे, पलंगाखाली, एकदा तर थेट जिन्यात. भेगांत तेल झोंबतं, ते खरं आहे. मग मी तिला धरून आणते, दोन गुडघ्यांत पकडते, ती किंचाळते, खालच्या मजल्यावरचे छताला काठी ठोकतात आणि मी लावते. रोज, न चुकता.

मागच्या खेपेला ती तुमच्याकडून आली तेव्हा तू तुझ्या कंपनीच्या दौऱ्यावर होतीस म्हणे. पोरीच्या अंगाला लव्हेंडरचा भपकारा आणि कोपरं रक्ताळलेली. बापाने टब फेसाने भरून दिला होता आणि ती त्यात मनसोक्त डुंबली होती. फोन केला तर म्हणतो, पोरं खाजवतातच, तू उगाच बाऊ करतेस. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी फोटो काढले. ते बघून वकीलबाई पहिल्यांदाच हसल्या. म्हणाल्या, ही हेळसांड आहे, आणखी एकदा असंच झालं तर मुलगी तुमचीच. त्यामुळे या सुट्टीत तिला तुमच्याकडे पाठवताना मी खोबरेलचा डबा आणि ओट्सची पुरचुंडी दिली खरी, दारात स्वारीला पुन्हा सगळं समजावलंही, तो गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत हो हो म्हणत होता. पण काय परत येणार याची मला खात्री होती. फोनमध्ये फोटोंसाठी जागा करून ठेवली होती मी.

रविवारी आली. मी तिला चपलांसकट न्हाणीघरात नेलं आणि बाही वर केली. कोपर गुळगुळीत. दुसरं बघितलं. गुडघ्यांच्या मागे बघितलं, कानांच्या मागे बघितलं. जुने डाग होते, पण ताजी चीर एकही नाही. खिडकीच्या उजेडात उभी करून मी तिला इतकी फिरवली की शेवटी ती म्हणाली, आई, काय हरवलंय?

पुढचं तिनेच सांगितलं, न विचारता, आणि असल्या फुशारकीने की माझा पारा चढला. मावशीकडे गंमत असते म्हणे. (तुला ती अजून मावशीच म्हणते. मावशी म्हणजे आईची बहीण. अशी बहीण वैरिणीलाही नको.) अंघोळ झाली की तू उपड्या बादलीवर बसतेस आणि आधी खारू तुझ्या टाचांना तेल लावते. उंच सँडलमध्ये मिरवणाऱ्या त्या टाचा भेगाळलेल्या आहेत हे ऐकून मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. खारू तुला दटावते, हलायचं नाही, रडायचं नाही, एवढी मोठी घोडी झालीस! शब्द न् शब्द माझा. आणि तू बादलीवर बसून मोठमोठ्याने भोकाड पसरतेस, खोटं खोटं. मग तिची पाळी येते आणि ती मुकाट्याने हात पुढे करते. डबा माझा, तेल माझं, ओट्स माझे. तू डोकं म्हणून कुठे लावलंच नाहीस. नुसती रडलीस.

काल मीही बसले. उपडी बादली, पाय पुढे, सगळा थाट. खारूने बोटभर तेल घेतलं, माझ्या टाचेला लावलं आणि वाट बघितली. मी रडले, म्हणजे तसा काहीतरी आवाज काढला. तिने मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाली, आई, तुला नाही येत. मावशीला येतं. मग डब्याचं झाकण लावलं आणि कपाटामागे जाऊन बसली. मला तिला तिथून ओढून काढावंसं वाटेना.

आता ज्यासाठी हा कागद काळा केला ते. सोमवारी कोर्टातल्या समुपदेशक बाई तुला वेगळं बसवून विचारतील, मुलगी तुमच्याकडे कशी राहते, रुळली आहे का. सांग. तुमच्या घराला दोन खोल्या जास्त आहेत, सांग. मी तोंडाळ आहे, दुकानातून उशिरा येते, दुसऱ्याने केलेलं मला कधी पटत नाही, हेही खुशाल सांग, साक्षीला माझे शेजारी मिळतील. कोपरं बरी झाली तेही सांग. ते दिसणारच आहे, आणि तेल माझं होतं असं मी म्हणू शकेन. फक्त ती तुझ्यापुढे स्वतःहून हात करते, हे सांगू नकोस. ते त्या बाईंनी ऐकलं की माझ्या बाजूने बोलायला कुणाकडे काही उरत नाही, माझ्याकडेसुद्धा नाही. मला तिच्याशिवाय घरात येणं जमणार नाही गं. खोटं बोल असं मी म्हणत नाहीये, तुला ते कधी जमलेलं नाही. स्वारी तोंड लपवत फिरत होती तेव्हा भर गिऱ्हाइकांत काउंटरवर येऊन मला सगळं सांगणारी तूच होतीस. तेव्हा विचारलं तर सांग. पण आपणहून सांगू नकोस, एवढं मागते.

तुझीच,
खारूची आई