पाडव्यापर्यंत लोंबायचं जिरेनियम

४ जानेवारी, रविवार
सौ. आज पुण्याला गेली, सत्यमकडे. मुलाचं म्हणणं, या वयात तुम्हा दोघांना अंबाजोगाईत काही झेपत नाही, कायमचे इकडेच या. मी नाही म्हणालो. घर मी स्वतः उभं राहून बांधलंय. सौ. म्हणाली, हितं बघायला तरी काय हाय, पाण्याचे ड्रम आन तुमी. मी शांतपणे पैज लावली. सूनबाईने लोंबत्या जिरेनियमची चार रोपं पाठवली आहेत. पाडव्यापर्यंत ती गॅलरीच्या गजांवरून फुलांसकट खाली लोंबली, तर सौ.ने परत यायचं आणि पुण्याचा विषय बंद. नाही लोंबली, तर घराला कुलूप. ती लगेच हो म्हणाली. बिचारीला माझा अनुभव माहीत नाही.

५ जानेवारी
तीस वर्षं कृषी सहायक होतो. तलवाड्याला असताना शेतकरी माझं ऐकायला पारावर जमायचे. जिरेनियमच्या तेलाचं एक दिवसाचं ट्रेनिंगही झालेलं आहे, सर्टिफिकेटसकट. सूनबाई फोनवर म्हणाली, बाबा, ते जिरेनियम वेगळं. असेल. घराणं एकच ना?
संकल्प: उद्यापासून सहाला उठणे. रोज फांद्या मोजणे.

६ जानेवारी, सकाळी ९.४०
उठायला उशीर झाला. थंडी.
गंभीर बाब: चारही कुंड्यांना खाली भोक आहे! घातलेलं पाणी सरळ गळून जातं. आठ-आठ दिवसांनी नळ येणाऱ्या गावात हे परवडेल? शेजारच्या जलालुद्दीनच्या गॅरेजमधून एमसील आणलं आणि चारही भोकं बुजवली. तो म्हणाला, साहेब, कावून बंद करता? बनवणाऱ्यानं कायतरी इचार करूनच ठिवलं आसंल. मोटारसायकली दुरुस्त करणाऱ्याने झाडांत पडू नये. आता एक थेंब वाया जात नाही.

१९ जानेवारी
सर्वात लांब फांदी १४ सेंमी. दोन कळ्या. सौ.ला फोटो पाठवला. तिने अंगठा पाठवला. विरघळतेय.

२ फेब्रुवारी
रोपं सगळ्यांची लाडकी झाली आहेत. कुंड्या गॅलरीत, आणि येणारा-जाणारा बसतो गॅलरीतच. पाणी दिलं की अर्धा ग्लास पितो आणि उरलेलं कुंडीत ओततो. पिण्याचं पाणी आपल्याकडे कुणी फेकत नाही, चांगली सवय आहे. पोस्टमन, गॅसवाला, जलालुद्दीनची जाहेदाभाभी, सगळे. भांडी घासायला येणाऱ्या वत्सलाबाई तर तांदळाचं धुवणही घालतात. शिवाय माझा सकाळ-संध्याकाळ एकेक तांब्या.
सूनबाईचा मेसेज: बोटभर माती कोरडी झाल्याशिवाय पाणी नको. इथल्या उन्हात वरची माती तासाभरात कोरडी होते. म्हणजे मी कमीच घालतोय.

११ फेब्रुवारी
पानं पिवळी. नत्राची कमतरता, हे कुणीही सांगेल. चिमूटभर युरिया टाकला. चिमूट जरा मोठी झाली.

१४ फेब्रुवारी
कळ्या गळाल्या. तहान असणार. पाणी दुप्पट केलं आणि त्यासाठी माझी अंघोळ दिवसाआड केली. वत्सलाबाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, सायेब, झाडाला न्हाऊ घालता, तसं सोताबी न्हावा की. दुर्लक्ष केलं.

२३ फेब्रुवारी
खोडं बुडाशी काळी आणि मऊ. तलवाड्याच्या सटवाला फोन केला, जुना कापसाचा शेतकरी. सगळं सांगितलं. तो म्हणाला, सायेब, तुमीच तर शिकिवलं व्हतं आमाला, पाणी तुंबलं की मूळ गुदमरतं, निचरा करा म्हणून. मी म्हणालो, वा, लक्षात ठेवलंस.
फोन ठेवला आणि जलालुद्दीनला निरोप पाठवला.

२४ फेब्रुवारी
जलालुद्दीन स्क्रू ड्रायव्हर घेऊन आला. एमसील फोडल्यावर जे पाणी निघालं, त्याचा वास त्याच्या गॅरेजपर्यंत गेला. तीन रोपं गेली. चौथ्यात जीव आहे. तो म्हणाला, साहेब, आता लई उपकार करा, ह्याला हात लावू नका. हे मला सहज जमेल.

५ मार्च
हात लावला नाही. फक्त कुंडी गच्चीवर नेली, ओल सुकावी म्हणून. ऊन अडतीस.

६ मार्च
कुंडी खाली आणली. ओल सुकली. रोपही.

१२ मार्च
सौ.चा फोन, आजचा फोटो पाठवा. मी १९ जानेवारीचाच दुसरा एक फोटो पाठवला. ती म्हणाली, अहो, मागं भिंतीवर कॅलेंडर जानेवारीचं हाय. मी म्हणालो, पान उलटायचं राहिलं. ती म्हणाली, बरं. ती नुसतं बरं म्हणाली की मला भीती वाटते.
इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. मला पुण्याला जायचं नाही. तिथे अकराव्या मजल्यावर मला कुणी साहेब म्हणत नाही.

१७ मार्च
चौथ्या खोडाला नखाने खरवडून बघितलं. आतून हिरवं असेल असं वाटलं होतं. दोनदा बघितलं.

१९ मार्च, पाडवा
सौ. सकाळच्या गाडीने आली, न कळवता. मी बोलणी ऐकायच्या तयारीत. ती सरळ गॅलरीत गेली, चारही कुंड्यांत बोट घालून बघितलं आणि तिथेच स्टुलावर बसली. म्हणाली, मला काय तिथं करमतंय व्हय? दिवसभर दार लावून बसायचं. ऱ्हायच्या तयारीनं आलते मी, समदे कपडे घेऊन. येक फांदी जरी हिरवी आसती, तर पोराला म्हणले आसते, बघ, जमतंय आमचं आमाला.
दारात खरंच मोठी बॅग होती. ती मी आधी बघितलीच नव्हती.
सत्यमला काय सांगायचं, यावर आम्ही दुपारपर्यंत विचार केला. चार रोपं जगवता आली नाहीत, मग स्वतःला काय सांभाळणार, असंच तो म्हणणार. तिने डोळे पुसले आणि माझे कपडे भरायला घेतले. मी शनिवारची दोन तिकिटं काढली. खिडकीची सीट मिळवली, एवढं मात्र माझ्याकडून व्यवस्थित झालं.