छातीच्या फोटोतला डाग

येडगाव, मार्च २००८

चि. रोहिदास,

मला तुझ्याकडं न्यायच्या त्या कॅनडाच्या कागदांपायी मुंबईला तिसरी खेप झाली. डॉक्टरीणबाईंनी माझ्या छातीच्या फोटोत जुना डाग दाखवला अन् विचारलं, "आजी, कधी टीबी झाला होता का?" मी पटकन "नाय" म्हणले. पस्तीस वर्षांची सवय रे!

झाला व्हता. ताई तवा रांगत व्हती. खोडदला माहेरी राहून दीड वर्ष सुया घेतल्या, पुरी बरी झाले. तुझे आण्णा गावात सांगायचे, हिची कंबर धरलीय.

आता बाई म्हणतात, जुने औषधाचे कागद असते तर बरं झालं असतं. नायतर थुंकी तपासा, तीन महिन्यांनी पुन्हा फोटो काढा. कागद कुठून आणू? ताईला बघायला पावणं आले, त्या सकाळी मीच ते पाण्याच्या बंबात घातले.

अन् तू फोनवर माझ्यावरच चिडतोस, "आई, तुझंच कसं लांबतंय?" लई वाटलं, खरं लिहावं. पण तू ताईला सांगशील, तिच्या सासरी कळंल. तिची श्रेया दहावीत हाय, उद्या तिलाबी पावणं बघायला येतील.

बंब पेटलाय. ही चिठ्ठीबी त्यातच घालते.

तुझी ठणठणीत
आई