लेकीचं घर वाटेत आहे

२ मे, घोडबंदर

निघालो. पन्नाशी उलटलेली मी, वयानं माझ्यापुढचा नवरा बॉस्को, दोन सायकली आणि सुक्या बोंबलांची पिशवी. लोक जागे व्हायच्या आत आमचं चौक गाव सोडायचं ठरलं होतं, पण शेजारच्या शॅनननं गाठलंच. "मे महिन्यात टूर? आंटी, त्यापेक्षा डायव्होर्स सोपा पडला असता!"

कारण ॲलिशा. आमच्या लेकीनं संघर्षशी लग्न केलं आणि वैजापूरच्या पलीकडे त्याच्या गावी संसार मांडला. लग्न चर्चमध्ये झालं नाही म्हणून बॉस्को गेला नाही. तीन वर्षं तिच्याशी बोलला नाही. आता तिला आठवा महिना, आणि ह्याला राहवत नाही. पण ट्रेननं गेलं तर माफी मागायला गेल्यासारखं दिसतं! सायकलवर गेलं की म्हणता येतं — फिरत होतो, वाटेत तुझं घर लागलं.

वाटेत! अडीचशे किलोमीटर!

३ मे, कसारा

घाटात सायकली ढकलल्या. टूर कसली, दोन सायकलींना फिरायला आणलंय. बॉस्कोचा शर्ट पिळला तर बादली भरेल. दर वळणावर पाणी ढोसतोय.

"तिला कळवते, येतोय म्हणून."

"न्हाय! कळवलंस तर इथूनच मागं फिरेन."

मी तिच्याशी रोज फोनवर बोलते हे त्याला माहीत नाही. म्हणजे माहीत आहे, ऐकू येत नाही.

४ मे, सिन्नर

सीटनं माझ्याशी वैर धरलंय. बॉस्को पुढे तोंडातल्या तोंडात घोकतोय — "काय गो, बरी हायस?" दिवसभर तेच. वाक्य अजून बसत नाही.

५ मे, कोपरगावच्या पुढे

हवा तव्यावरची, पण अंग कोरडं! आम्हा किनाऱ्यावरच्यांना ऊन म्हणजे घाम. घाम नाही तर ऊन कसलं?

बॉस्को खूष. "बघ, थेंब न्हाय! इकडचं ऊन लोक उगाच बदनाम करतात."

पाणी पी म्हटलं तर म्हणे, "घामच न्हाय तर पाणी कशाला? पोटात डुचमळतंय." मलाही पटलं. संध्याकाळी दोघांच्या बाटल्या जवळजवळ भरलेल्या.

६ मे, वैजापूर

सकाळपासून डोकं धरून होता. दुपारी रस्ता सोडून सरळ बाभळीत सायकल घातली. मी हसले — हसले! — "अरे, वाट इकडे आहे." तो कुणाला तरी जाळं ओढायला सांगत होता. अंगाला हात लावला, चटकाच बसला. एका टेम्पोवाल्यानं दवाखान्यात आणलं.

डॉक्टर म्हणाले, "घाम येतो हो, ताई. हवा इतकी कोरडी की दिसायच्या आत उडून जातो."

तीस वर्षं दर्यावर काढलेला माणूस. कोरडा पडला.

मला ओळखत नाहीये. ॲलिशाला फोन लावला, संघर्षनं घेतला. "आई, तिच्या अशा अवस्थेत रात्री तो रस्ता नको. उजाडताच घेऊन येतो."

७ मे

बॉस्को पहाटे गेला. संघर्षला सांगितलं. ॲलिशाला रस्त्यात कळू द्यायचं नाही असं ठरलं.

ती पोट सावरत पायऱ्या चढली. हातात ताकाची बाटली.

"मम्मी, डॅडी अजून रागावलेत?"

"न्हाय गो," म्हटलं, आणि बाटली तिच्या हातातून काढून घेतली.