सहा जणांची चाचणी

२ सप्टेंबर, सोमवार

आज नव्या नोकरीचा पहिला दिवस. पडद्यासमोर बसून खेळत राहिले म्हणून लहानपणी आईचे धपाटे खाल्ले, आणि आज त्याच कामासाठी गळ्यात ओळखपत्र घालून घरी आले. आई असती तर तिनं कपाळावर हात मारला असता.

माझी खोली तिसऱ्या मजल्यावर, अगदी कोपऱ्यात. खिडकीला जाड काळा पडदा, दोन कॉम्प्युटर आणि सहा खुर्च्या. एवढ्या खुर्च्या कशाला, असं विचारलं. विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या, की 'गडगडाट' हा आमचा खेळ इंटरनेटवरून सहा जण एकदम खेळतात, म्हणून तपासणारेही पूर्वी सहा होते. त्या सगळ्यांना दुसऱ्या खेळाच्या कामाला लावलंय. आता या खोलीची राणी मी एकटीच!

काम सांगायला सोपं आहे. पडदा एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लखलखला, तर काही लोकांना फिट येऊ शकते. तीनपर्यंत चालेल, चौथी नको. मोजायला एक प्रोग्रॅम आहे, पण मॅडमचं म्हणणं, की प्रोग्रॅमवर विसंबायचं नाही, आपणही डोळ्यांत तेल घालून बघायचं. सगळं ठीक असलं की फॉर्म भरायचा. मग खेळाच्या पानावर एक छोटा हिरवा डोळा उमटतो. ज्यांना लखलखाटाचा त्रास आहे, ते तो बघूनच खेळ उघडतात.

मुलाखतीत मी भाचीबद्दल सांगितलं होतं. ताईची मुलगी, वय अकरा. दोन वर्षांपूर्वी पहिली फिट आली. एक डोळा झाकला की धोका कमी होतो, हे डॉक्टरांनी शिकवल्यापासून दुकानाची लुकलुकणारी पाटी दिसली, की ती चालता चालता एका डोळ्यावर तळहात ठेवते. कुणाला सांगावं लागत नाही. रस्ता ओलांडताना ताईचा हात धरते, तितक्याच सहज.

४ सप्टेंबर, बुधवार

भाचीचा फोन. वर्गातल्या सगळ्या मुली 'गडगडाट' खेळतात आणि ही डब्याच्या सुट्टीत नुसतं ऐकत बसते. नवा भाग हिरव्या डोळ्यासकट येणार म्हटल्यावर तिनं आधीच वर्गात जाहीर करून टाकलंय, की माझी मावशी तपासते, आता मीपण खेळणार. मी म्हटलं, अगं, आधी तपासू तर दे! पण खरं सांगायचं तर माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

कार्यालयात एकाशी चांगली गट्टी जमलीय. खेळातल्या ज्वाळा, विजा, स्फोट सगळं तोच बनवतो, म्हणून त्याला कंदील म्हणतात. खरं नाव विचारलं तर त्यालाच क्षणभर आठवावं लागलं.

११ सप्टेंबर, बुधवार

नवं हत्यार आलंय: वीजफेक. एकानं फेकली, तर सेकंदाला दोनदा लखलखतं. म्हणजे पास. पण सहा जणांनी एकदम फेकली तर? सगळ्यांच्या विजा एकाच आभाळात पडतात. हे सहा माणसं बसवल्याशिवाय कळायचं नाही. मॅडमकडे माणसं मागितली. त्या म्हणाल्या, बघते. प्रत्येक कार्यालयात या शब्दाचा अर्थ एकच असतो.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

आज एक गोष्ट केली. लिहावंसं वाटत नाहीये, म्हणून लिहितेय.

नवा भाग संध्याकाळी पाचला बाहेर पडायचा होता. चार वाजून गेले तरी माझ्या खोलीत मी आणि रिकाम्या खुर्च्या. शेवटी कंदीलला दहा मिनिटांसाठी ओढून आणलं. दोघांनी मिळून विजा फेकल्या. सेकंदाला तीन. पास. तो परत गेला.

फॉर्ममध्ये सहा नावांचे रकाने आहेत. सगळे भरल्याशिवाय तो पुढे जात नाही. पहिल्यात माझं नाव घातलं, दुसऱ्यात कंदीलचं. मग टेबलावर जे दिसलं ते लिहीत गेले. पिवळी छत्री. स्टेपलर. गार चहा. बंद घड्याळ. खेळात लोक याहून येडपट नावं घेतात, कुणाला काय संशय येणार? 'सहा जणांसह चाचणी पूर्ण', टिक. पाचला दोन मिनिटं असताना हिरवा डोळा उमटला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कंदीलनं माझी पाठ थोपटली.

वेळ मारून नेली, दुसरं काय. सोमवारी माणसं मिळाली की खरी चाचणी करून टाकीन. असं मी जिन्यात मनाशी म्हटलं, रस्त्यात म्हटलं, आणि आता तिसऱ्यांदा इथे लिहितेय. तरी मन खातंय.

१७ सप्टेंबर, मंगळवार

सोमवारी माणसं मिळाली नाहीत. आजही नाही. खरं तर मी मागितलीच नाहीत. मागितली असती तर मॅडमनी विचारलं असतं, की शुक्रवारी झाली ना चाचणी?

दुपारी सहज खेळात शिरले. सामना सुरू होण्याआधी खेळाडू एका अंगणात जमतात. तिथे भिंतीला टेकून एक बाहुली उभी होती. डोक्यावर नाव: पिवळी छत्री.

मला हसूच फुटलं. लाखो लोक खेळतात, त्यातल्या एकाला हे नाव सुचलं असेल. थोड्या वेळानं तिच्या शेजारी दुसरी येऊन उभी राहिली. स्टेपलर.

मग हसू आलं नाही.

२० सप्टेंबर, शुक्रवार

आता चौघंही आहेत. सकाळी बघा, दुपारी बघा, त्याच भिंतीपाशी. कुठल्याच सामन्यात जात नाहीत. वाट बघत असल्यासारखे उभे असतात, आणि प्रत्येकाचा एक तळहात एका डोळ्यावर.

कंदीलला बोलावून दाखवलं. त्यानं दोनदा निरखून पाहिलं. म्हणाला, डोळ्यावर हात ठेवायची हालचाल आपल्या खेळात कुणी बनवलेलीच नाही. मग चेष्टेनं म्हणाला, की तूच गुपचूप शिकवली असशील.

घाबरून गेल्या शुक्रवारचा फॉर्म उघडला. चार नावं तशीच आहेत. माझंही आहे. दुसऱ्या रकान्यात कंदीलचं नाव नाही. तिथे 'गोगलगाय' असं लिहिलंय. मी लिहिलेलं नाही. कंदीलनं आईची शपथ घेतली, त्यानंही नाही.

२२ सप्टेंबर, रविवार

ताईकडे गेले होते. दार उघडताच भाचीनं हात धरून कॉम्प्युटरपाशी नेलं. खेळ घालून ठेवलाय, फक्त सुरू करायचा बाकी. मावशीसमोरच उद्घाटन करायचं म्हणून थांबली होती म्हणे. नावही घेतलंय. जेवायला, आंघोळीला, दप्तर भरायला हिला तास लागतो, म्हणून ताई तिला चिडवते, तेच.

गोगलगाय.

 इतक्यात खेळू नकोस, एवढंच कसंबसं बोलले. ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अगं, तूच पास केलंस ना? मग?" ततपप करत मी काहीतरी सांगितलं, की इंटरनेट धड नाही, एक आठवडा थांबा. भाचीचा चेहरा पडला. पण मावशीचं ऐकायचं म्हणून हो म्हणाली.

तिथेच सांगायला हवं होतं. चार शब्दांचं काम होतं. मी तपासलंच नाही गं. पण ताईनं माझ्या नोकरीबद्दल शेजारणीला सांगितलेलं मी मागच्या खेपेला जिन्यात ऐकलं होतं, आणि ती काय अभिमानानं सांगत होती! जीभ उचललीच नाही. इतकी भित्री मी कधीपासून झाले?

२३ सप्टेंबर, सोमवार

मॅडमना सगळं सांगितलं. रडले. म्हटलं, आधी तो हिरवा डोळा काढा, मग मला काढा.

त्यांनी शांतपणे तेरा तारखेचं रेकॉर्डिंग लावलं. वीजफेकीची चाचणी, खेळाडू सहा. पिवळी छत्री, स्टेपलर, गार चहा, बंद घड्याळ, गोगलगाय आणि मी. असं काही झालेलंच नाही, हे मी कितीदा सांगितलं! त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाल्या, तुम्ही दमलाय, दोन दिवस घरी राहा. सहा जणांनी पास केलेली खूण मी कुठल्या कारणानं काढू?

निघताना फॉर्मवर नजर गेली. 'चाचणी पूर्ण' असं होतं तिथे आता 'चाचणी सुरू' आहे.

२४ सप्टेंबर, मंगळवार

ताईचा फोन. भाचीला शाळेत फिट आली.

खेळाला हातही लावला नव्हता तिनं. शाळेच्या व्हरांड्यातली ट्यूबलाइट अचानक लुकलुकायला लागली. बाईंनी लगेच कुशीवर वळवलं, डोक्याखाली स्वेटर ठेवला. दोन-तीन मिनिटांत थांबली. जीव भांड्यात पडला.

मग भाची स्वतः फोनवर आली. दमलेला आवाज. म्हणाली, मावशी, ट्यूबलाइटखाली चार जण उभे होते. एकाकडे पिवळी छत्री होती. बाकीच्यांना दिसले नाहीत.

माझी ती पिवळी छत्री इथे माझ्या दाराशी टांगलेली आहे. फोनवर बोलताना मी तिच्याकडे बघत होते.

२६ सप्टेंबर, गुरुवार

आज ताईला सांगितलं. नावं, टिक, सगळं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं.  ती एवढंच म्हणाली, "माझी पोर तुझ्या भरवशावर होती गं."

ताईच्या कॉम्प्युटरवरून खेळ काढून टाकला. तासाभरात परत आला. कॉम्प्युटरची वायर उपटून ठेवली. संध्याकाळी भाचीच्या खोलीतला दिवा लुकलुकला. मग फ्रीजमधला. भाची डोळ्यावर हात ठेवूनच जेवली. एका हातानं.

हे माझं काम आहे. मी केलंय हे.

२८ सप्टेंबर, शनिवार

अंगणात आता पाच. पाचवी मी. मी माझ्या नावानं खेळात शिरलेलीच नाही — तरी माझी बाहुली उभी आहे. तिचा हात डोळ्यावर नाही. दोन्ही डोळे उघडे. माझ्याकडेच बघतेय.

सहाव्याची जागा रिकामी.

आता कळलं. जी चाचणी झाली असं मी लिहून दिलं, ती करायला आलेत ते. सहावी मिळाल्याशिवाय जायचे नाहीत. मिळेपर्यंत ट्यूबलाइट, फ्रीज — उद्या रस्त्यातले दिवे —

सहावी गोगलगाय हवी. पण त्या नावाआड कोण बसलंय, हे फॉर्ममध्ये कुठे विचारतात?

ताईला म्हटलं, उद्या सकाळी हिला बागेत ने. गोगलगाय हिच्याच कॉम्प्युटरवर आहे, घरात मी एकटीच हवी. मला लखलखाटाचा त्रास नाही. मला काही व्हायचं नाही. ताईनं किल्ली दिली. माझ्याकडे न बघता.

२९ सप्टेंबर, रविवार

सकाळचे दहा. दोघी बागेत गेल्या. खिडकी बंद, पडदा ओढलाय. वायर जोडली. वही मांडीवर. नीट चाचणी करायची तर टिपणं हवीत. या वेळी सगळं खरं लिहायचं.

नाव टाकलं. गोगलगाय. सहा झाले. अंगणाचं फाटक उघडलं —

आभाळ काळं. चौघांनी हात खाली घेतले.

पिवळी छत्री — एक वीज. सेकंदाला दोन. ठीक.

स्टेपलर. तीन. ठीक.

गार चहा नुसता उभा. बंद घड्याळही. माझी बाहुली हात उचलतेय — मी नाही उचलत —

थांबले सगळे. दाराकडे बघतायत. पडद्यातून दाराकडे —

दुसऱ्या किल्लीचा आवाज. ताईचा आवाज, खालून — अगं थांब, पाण्याची बाटली मी आणते —

पावलं. एरवी कधी धावत नाही ही —

बटण दाबलं. बंद होत नाही. वायर काढली. हातात आहे वायर. पडदा चालूच —

दारात उभी आहे. पडद्याकडे बघतेय. हात खाली आहे तिचा. डोळा झाकलेला नाही. हसतेय. म्हणतेय, झाकायला कशाला हवा, मावशी, तू तपासलंयस ना —

झाक गं — नाही तपासलं मी, नाही त

सहाही हात वर

एक

दोन

तीन