मधला खड्डा

आबा,

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी माझा राग जात नाही. आज ऑफिसात बर्फाचा नकाशा भरताना पुन्हा तुमची आठवण आली. चांगली नाही आली, खोटं कशाला बोलू.

धुळ्याच्या स्वयंपाकघरात तुम्ही विचारताय, "परदेशात तू नेमकं करस काय?" माय कळण्याच्या भाकरी थापतेय. मी परातीतलं पीठ सपाट करून बोटानं दोन रेघा ओढते. उपग्रह या रेघांवरूनच जातो, बर्फाची उंची मोजतो, काही महिन्यांनी पुन्हा मोजतो, म्हणजे बर्फ किती खचला ते कळतं. मधल्या जागेवरून तो जातच नाही. तिथला आकडा आम्ही आजूबाजूच्या रेघांवरून अंदाजानं भरतो. तुम्ही बरोबर मध्ये अंगठा दाबलात. "मंग हाऊ खड्डा तुले दिसतच नही?" नाही दिसत, मी म्हटलं, आणि बर्फ भराभर खचतो तो बऱ्याचदा अशाच अरुंद जागी. "पीठ काय खेळाले शे का?" माय ओरडली आणि आपण दोघं हसलो.

पुढचं वर्षभर दर रविवारी फोन. "बठ्ठं बेस शे," सगळं ठीक, एवढं म्हणून तुम्ही फोन मायला द्यायचात. तिचा आवाज ठणठणीत. एखाद्या रविवारी ती देवळात गेलेली असायची. मी दोन चांगल्या रविवारांमधून सरळ रेघ ओढून मोकळी. ती देवळात नव्हती, जळगावच्या दवाखान्यात होती. जरा बरं असेल तेव्हाच फोन तिच्या हातात जायचा. मी पोचले तेव्हा तिची राख सावडून झाली होती. दुसऱ्या कुणी लपवलं असतं तर गिळलं असतं मी. तुम्हाला तर मीच शिकवलं होतं, मला काय दिसत नाही ते. केसानं गळा कापलात माझा.

गेल्या महिन्यात तुमची थोरली बहीण, आपली अक्का, भेटली. मी तुमच्यावर तोंड सोडलं तशी म्हणाली, "तुना बापले बोल लावू नको. फोन कव्हय लेवाना ते तुनी मायच ठरावे. पोरले सांगू नका, अशी शपथ घाली व्हती तिनी."

फोन कधी घ्यायचा हे तीच ठरवायची, म्हणजे हे पत्र तिला जायला हवं. वर 'माय' असं लिहूनही बघितलं, पण पुढं हात चालेना. तुमच्यावर रागावणं मला सोपं जातं, म्हणून ते खोडून 'आबा' लिहिलंय.