सोवळ्यातली डिस्क

२६ सप्टें., शुक्रवार
सर्व्हरवरचं सामाईक फोल्डर आज पुन्हा सगळ्यांना मोकळं करावं लागलं. मागच्या आठवड्यात बंदोबस्त केला होता: फायली बदलायच्या त्या आम्ही डिझाइनवाल्यांनीच, बाकीच्यांनी नुसत्या बघायच्या. डिस्पॅचचा सोमनाथ लगेच मालकांकडे, म्हणजे दादांकडे, रडत गेला. दादा म्हणाले, “दसऱ्याचा माल जाऊ दे, मग लाव तुझी कुलपं.” पलीकडच्या कंपनीच्या सगळ्या फायली व्हायरसने अडकवून पैसे मागितले, ते इथे कुणालाच आठवत नाही. अख्ख्या सुपा एमआयडीसीत काळजी करायला मी एकटीच.

२७ सप्टें., शनिवार
बॅकअप घेतला. डिस्क लावली, कॉपी झाली, काढली, कपाटात. सोमनाथ म्हणे, “म्याडम, तुमची डिस्क सोवळ्यात हाय का?” आहेच. एरवी कुठल्याच वायरीला शिवायचं नाही.
चेष्टा करू देत. अण्णांनी, दादांच्या वडिलांनी, हाताने काढलेली डायची, म्हणजे साच्यांची, ड्रॉइंग्ज त्यात आहेत. स्कॅन केली म्हणून राहिली, मूळ कागद वाळवीने खाल्ले. एक प्रत सर्व्हरवर, एक डिस्कवर. फोल्डरला मीच ‘००_अण्णा’ नाव दिलंय, म्हणजे यादीत सगळ्यात वर राहतं. त्यांचा मान.

१ ऑक्टो., खंडेनवमी
मशिनं धुतली, हार घातले. डिस्पॅचच्या टेबलाकडे बघते तर डिस्क! झेंडूची माळ, हळदकुंकू, आणि वायर कॉम्प्युटरला लावलेली. दादांच्या आईंनी, काकूंनी, कपाटातून काढायला लावली. “ह्यांचं सगळं काम त्याच्यात हाय न्हवं? मग तिचीबी पूजा नको?” वायर सोमनाथने लावली. बंद हत्याराची कसली पूजा, दिवा लागला पाहिजे म्हणे.
मी हात पुढे केला. काकू म्हणाल्या, “आगं, मांडलेली पूजा हलवत न्हाईत. दसरा हुंदे.”
दादांनी डोळ्यांनीच गप्प केलं. काकूंचे डोळे भरलेले, हात मागे घेतला. पेढा घेऊन नगरला घरी आले. जीव थाऱ्यावर नाही.

२ ऑक्टो., दसरा
दादांना फोन. डिस्क काढली का? “कारखाना बंद आहे गं. सणाचं तरी सोड.”
सोनं वाटलं, श्रीखंड केलं, चव लागली नाही. नवरा म्हणतो, त्या डिस्कलाच जेवायला बोलवायचंस. हसले.

३ ऑक्टो., शुक्रवार
झालं. सर्व्हरवरच्या फायलींच्या नावांना भलतीच शेपटी, एक उघडत नाही. प्रत्येक फोल्डरमध्ये इंग्रजीत चिठ्ठी: पैसे भरा. वरून खाली एकेक खात आलंय. ‘००_अण्णा’ पहिलं गेलं. मान द्यायला वर बसवलं ना मी.
अर्ध्यावर मात्र थांबलंय, खालची फोल्डरं शाबूत. कारण वॉचमननं सांगितलं, “खंडेनवमीला तुमी गेल्यावर लाईट गेल्ती, लई वेळ.” व्हायरस आत आला तो डिस्पॅचच्या कॉम्प्युटरमधून, आणि तो त्यातच बंद पडला. लाईट गेली म्हणून देवाला हात जोडायची माझी पहिलीच वेळ.
सोमनाथने मंगळवारी मेलमधलं कसलं तरी बिल उघडलं होतं. कानाखाली द्यावीशी वाटली. पण त्याचं तोंड इतकं उतरलेलं, त्यालाच चहा पाजला.
नगरहून कॉम्प्युटरवाले शेखभाई आले. आल्या आल्या सगळ्या वायरी काढायला लावल्या. डिस्कचं विचारलं तर म्हणाले, “व्हायरसनं आधी सर्व्हर धरला का ही, आत्ता सांगता येत नाही. उद्या स्वच्छ लॅपटॉप आणतो. तोवर कशालाही लावू नका.”
माळ उतरवून डिस्क पर्समध्ये घातली. बसमध्ये पर्स मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेली.

४ ऑक्टो., शनिवार
ऑफिसातूनच लिहितेय. शेखभाईंनी डिस्क लॅपटॉपला लावलीय. आधी तपासणी चालवायची, तोवर आत जायचं नाही म्हणाले. तासभर तरी. दादा बाहेर येरझाऱ्या घालतायत. नुसतं बसवेना, म्हणून वही काढली.
काकू आल्यात. बोलावलं नव्हतं कुणी. शेजारी खुर्चीवर बसल्या, पदराला हात पुसत. मग हळूच, “माज्यामुळं झालं का गं?”
तेव्हाच वायर ओढली असती तर... पण ओढली नाही ना मीही.
म्हटलं, “नाही हो काकू.” खोटं बोलले का, मलाच माहीत नाही.
पडद्यावर यादी दिसतेय. सगळ्यात वर ‘००_अण्णा’. काकूंना तेवढं वाचता आलं. बोट लावून म्हणाल्या, “हायत की! हे बघ, हायत!” आणि रडायलाच लागल्या.
फोल्डरचं नाव काल सर्व्हरवरही असंच दिसत होतं, गेल्या होत्या त्या आतल्या फायली. हे त्यांना कसं सांगू? त्यांचा हात हातात घेऊन बसलेय. डाव्या हाताने लिहिता येत नाही नीट