चष्म्यासकट

४ जानेवारी

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

तुझं नव्या वर्षाचं कार्ड मिळालं. त्यावरचा हसरा दात बघून हे खूप हसले. दात घडवणाऱ्या बाईला कार्डसुद्धा दाताचंच सापडावं, म्हणाले. हसले म्हणून मुद्दाम लिहिते, कारण हल्ली ते फारसं हसत नाहीत.

तलावावर माझं ठीक चाललंय. थंडीत पोहायला माणसं कमी येतात, त्यामुळे तिकिटाच्या खिडकीत बसून विणकाम होतं. तुझ्यासाठी मोजे घेतलेत विणायला. एक झाला. दुसरा होईपर्यंत लंगडी घालायची तयारी ठेव.

आता खरी गोष्ट. फोनवर बोलता येत नाही, कारण हे शेजारीच बसलेले असतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर डोळा बरा होईस्तोवर दुर्बिणीला हात लावायचा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. डोळा बरा झाला. हे दोन-तीनदा गच्चीवर गेले, मुकाट्याने खाली आले, आणि तेव्हापासून दुर्बिणीवर जुनी चादर टाकलेली आहे. विचारलं तर म्हणतात, चंद्र आहे तिथेच आहे, किती वेळा बघायचा? लिफ्ट दुरुस्त करताना खाचेत उभं राहून जन्मभर वर बघितलं, आता मानेला जरा विश्रांती दे.

मी गप्प बसलेही असते. पण समोरच्या फोटोवाल्याने सहज विचारलं, दुर्बीण द्यायची का, तर हे पटकन हो म्हणाले. महिनाअखेरीस तो न्यायला येणार. चिंगे, तिची लाकडी नळी ह्यांनी स्वतः रंधा मारून केली. तिच्यातला आरसा घासताना घरभर पांढरी भुकटी झाली होती, ती अजून माझ्या कपाटामागे सापडते. एवढ्या वस्तूला इतक्या चटकन हो? त्या 'हो'ची मला धास्ती वाटते. त्यातून डोळ्याच्या तपासणीची वेळही ह्यांनी परस्पर रद्द केली. दवाखान्यातली मुलगी तलावावर पोहायला येते, तिच्याकडून कळलं.

तुझं डोकं चालव. तुझ्यावर लोभ आहेच. तो कमी व्हायची काळजी करू नकोस, उत्तर लवकर पाठव.

तुझी,
वहिनी

*

९ जानेवारी

ती. वहिनीस,
कृ. सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी हातातली कवळी बाजूला ठेवली. (पत्राला डाग दिसला तर तो गुलाबी मेणाचा आहे, घाबरू नकोस.)

मला एक आठवतं. मी आले होते तेव्हा दादा दुर्बिणीतून बघताना चष्मा कपाळावर सारायचा. नंतर कपाळावरचा चष्मा घरभर शोधायचा. ऑपरेशननंतर त्याला नवा चष्मा लागला ना? तो कसला आहे, हे माहीत नव्हतं, म्हणून आमच्या लॅबशेजारच्या चष्मेवाल्याला गाठलं. त्याने सांगितलं ते असं. चष्मा नुसता जवळच्या-लांबच्या नंबराचा असेल तर तो काढूनही दुर्बिणीतून बघता येतं. दुर्बिणीचं चाक थोडं फिरवलं की सगळं स्पष्ट होतं. पण सिलिंड्रिकल नंबर असेल, तर चाक कितीही फिरवा, चांदणी टिंबासारखी न दिसता ओढल्यासारखी दिसते. आणि ऑपरेशननंतर असा नंबर राहणं काही जगावेगळं नाही.

तेव्हा एक कर. दुर्बिणीचं नावही काढू नकोस. संध्याकाळी त्याला गॅलरीतून लांबचा रस्त्यावरचा दिवा बघायला लाव, चष्मा लावून आणि मग चष्मा काढून. काय म्हणतो ते कळव. आणि डॉक्टरीणबाईंची वेळ परत घे. रुसला तर रुसू दे, लहानपणी तो कारल्यासारखं तोंड करून बसायचा, तरी जेवायला उठायचाच.

मोज्यांपैकी झालेला कुठल्या पायाचा आहे? लोभ असू द्यावा, आणि वाढवता आला तर दुसऱ्या मोज्यासकट वाढवावा.

तुझी,
चिंगी

*

१७ जानेवारी

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

केलं बाई तू सांगितलंस तसं. मी गॅलरीत उभी राहून कुरकुर सुरू केली, की कोपऱ्यावरचा दिवा फारच पसरट दिसतोय. हे आले, बघितलं, म्हणाले, चांगला गोल दिवा आहे, तुझाच चष्मा पूस. मी म्हटलं, द्या, तुमचाही पुसते, आणि हातात चष्मा घेऊन विचारलं, आता कसा दिसतो?

हे कठड्यावर दोन्ही हात ठेवून हळूच म्हणाले, शेपूट आहे. दिव्याला आहे, चांदण्यांनाही आहे. ऑपरेशन फसलंय, डोळा चाललाय हे त्यांना केव्हाच कळलं होतं म्हणे. डॉक्टरीणबाईंनी एवढी मेहनत घेतली, त्यांना तोंडावर कसं सांगायचं, आणि मला कशाला घोर लावायचा, म्हणून एकटेच गिळून बसले होते. इतके महिने, चिंगे! मी त्याच घरात, त्याच टेबलावर जेवत होते.

दुसऱ्याच दिवशी दंडाला धरून दवाखान्यात नेलं. डोळा ठणठणीत आहे. तू म्हणालीस तोच नंबर राहिलाय, चष्म्याने पूर्ण जातो. बाईंनी ह्यांना चांगलं सुनावलं. बाहेर आल्यावर हे पायरीवरच जरा वेळ बसले. मीही बसले.

आता तुला वाटेल, मिटलं. तर नाही. चष्मा लावून दुर्बिणीतून बघा म्हटलं, तर म्हणाले, ह्या जुन्या आयपीसना डोळा अगदी चिकटवावा लागतो. (आयपीस म्हणजे डोळ्याशी लावायचं ते भिंगांचं नळकांडं, हे आता मलाही पाठ झालंय.) मधे चष्म्याची काच आली की डोळा लांब राहतो, आणि मग किल्लीच्या भोकातून सर्कस बघावी तसं इवलंसं दिसतं. चष्मेवाल्यांसाठी वेगळे आयपीस मिळतात, पण त्यांच्या किमती बघून ह्यांनी दुकानाचं माहितीपत्रक मिटलं. ह्या वयात एवढी चैन नको, शिवाय फोटोवाल्याला शब्द दिलाय, म्हणाले.

दुर्बिणींच्या चांगल्या दुकानाच्या जवळ तू राहतेस, म्हणून ह्यांचा जादाचा चष्मा ह्या पाकिटात पाठवते आहे. तो लावून आयपीस बघ आणि ठरव. नव्या पडद्यांसाठी बाजूला टाकलेले पैसेही त्यातच आहेत, ते वापर. जुने पडदे अजून सूर्य अडवतात.

लोभाचं मी काय लिहू, चष्माच पाठवलाय.

तुझी,
वहिनी

*

२२ जानेवारी

चि. चिंगीस,
अ. आ.

माझा जादाचा चष्मा हरवला आहे. तुझी वहिनी तो शोधते आहे, पण जिथे नाही हे तिला पक्कं माहीत आहे अशाच जागी. काल तांदळाच्या डब्यात बघत होती, आणि बघताना गुणगुणत होती. तुम्ही दोघी काहीतरी शिजवता आहात, हे ओळखायला मला दुर्बीण लागत नाही.

म्हणून आधीच सांगतो, काही घेऊ नकोस. घेतलंसच, तर ती पाच-सहा आयपीसची पेटी मिळते, तेवढी पुरे. स्वस्त असते आणि भरल्यासारखी दिसते. मोठ्या किमतीचं काही आणलंस तर मी परत पाठवीन, आणि टपालखर्च तुझ्या माथी मारीन. दुर्बीण जाणारच आहे.

तब्येतीला जप. रागावलेलो नाही, तसं दाखवतो आहे एवढंच. लोभ ठेव.

तुझा,
दादा

*

२६ जानेवारी

ती. वहिनीस,
कृ. सा. न. वि. वि.

शनिवारी दुकानात गेले. नाकावर दादाचा चष्मा, त्यामुळे पायरीवरच ठेचकाळले. दुकान चालवणारी बाई उंच, शांत, आणि सुदैवाने विकायची घाई नसलेली. तिने खिडकीशी एक दुर्बीण लावली, लांबच्या पाण्याच्या टाकीवर रोखली, आणि म्हणाली, किमती नंतर सांगते, आधी बघून घ्या.

पहिल्यांदा दादाने मला पत्रात सुचवलेली ती भरलेली पेटी. दिसायला दागिन्यांच्या डब्यासारखी. पण चष्मा लावून एकातूनही धड दिसेना. एकात टाकीची शिडी, एकात नुसती माझीच पापणी. सहा वस्तू घेऊन एकही डोळ्याला न लागणारी. आमच्याकडे एखादा असाच हट्ट धरतो, स्वस्तात दोन कवळ्या द्या म्हणतो, आणि मग दोन्ही पेल्यात पडून राहतात.

मग तिने सगळ्यात भारी आयपीस काढला. हाताच्या मुठीएवढा, जड. चष्मा काढून बघितलं आणि मी अक्षरशः ओरडले. खिडकीतून धड बाहेर काढून बघावं तसं, सगळीकडे आकाशच आकाश! मला वाटलं, हाच. दादाला हाच द्यायचा, किंमत गेली खड्ड्यात. पिशवीत हातही घातला होता. बाईने मला थांबवलं आणि चष्मा परत नाकावर ठेवायला लावला. तर काय, कडेचं सगळं गायब. ज्या रुंदीचे पैसे मोजायचे, ती चष्म्यातून पोचतच नाही. आणि वजन असं, की दादाच्या लाकडी नळीचं नाक जमिनीला टेकेल.

तिसरा मधला. उंच, हलका, तोंडाशी रबराची कड. ती कड खाली दुमडायची म्हणजे चष्म्याला चरा जात नाही. त्यातून चष्म्यासकट अख्खं वर्तुळ दिसलं, काठापासून काठापर्यंत. जडवाल्याएवढं रुंद नाही. अगदी कडेला चित्र किंचित ओढलं जातं, हे बाईनेच सांगितलं. पण मधे सुरेख, आणि किंमत त्या मुठीएवढ्याच्या निम्म्याहून कमी.

मी म्हटलं, मग असेच दोन द्या, एक ह्याचा आणि एक जास्त मोठं करून दाखवणारा. तर ती नको म्हणाली. जास्त मोठं करतो तेव्हा आयपीसमधून बाहेर येणारा उजेडाचा झोत इतका बारीक होतो, की डोळ्याचा तो सिलिंडरचा दोष जाणवतच नाही. म्हणजे ग्रहांसाठी दादाचा जुना छोटा आयपीसच, चष्मा काढून, छान चालेल. पैसे जिथे अडतंय तिथेच घाला, म्हणाली. स्वतःचा गल्ला सोडून असं सांगणाऱ्या बाईला मी फुकट दात करून द्यायचं कबूल करून आले.

तर एकच घेतला. अर्धे पडदे तुझे, अर्धे माझे. चष्मा त्याच खोक्यात घातलाय, आता तांदळातून काढल्यासारखा काढ. दादा परत पाठवीन म्हणाला तर सांग, चिंगी पत्ता बदलून बसलीय.

लोभ असाच चालू ठेवावा, मधे बंद पडला तर लिफ्टवाला घरातच आहे.

तुझी,
चिंगी

*

९ फेब्रुवारी

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद.

आधी भांडण. मी नको म्हटलं होतं. ते झालं. आता पुढचं.

खोकं आलं त्याच दुपारी फोटोवाला आला, दोर आणि हातगाडी घेऊन. शब्द दिला होता, तेव्हा मी त्याला वर नेलं, चादर काढली, आणि तीच परत परत झटकत राहिलो. तुझी वहिनी दारात उभी, हातात खोकं. शेवटी मी म्हटलं, एक संध्याकाळ द्या. तो जरा हिरमुसला, खोटं कशाला सांगू. पण माणूस चांगला. म्हणाला, एक का, कंटाळा येईल तेव्हा हाक मारा, मी समोरच आहे. आणि जाताना त्यानेच नळी उचलून नीट बैठकीवर बसवून दिली, कारण माझी कंबर आता तेवढी ऐकत नाही.

पुढे आभाळ भरलेलं. रोज खोकं उघडायचो, रबर खाली-वर करायचो, बंद करायचो. तुझी वहिनी म्हणाली, झिजवाल अशाने.

परवा संध्याकाळी मोकळं झालं. मी दुर्बीण कृत्तिकांच्या पुंजक्यावर लावली. चष्मा लावला, कड दुमडली, पण डोळा खाली नेववेना. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, तू लिहिलं होतंस, तरी भीती होतीच. मग नेला. चिंगे, टिंबं होती. सुईने टोचल्यासारखी, एकेक वेगळी. कुणालाही शेपूट नाही. मी काही केलं नाही, नुसता बघत राहिलो. नाक वाहायला लागलं ते थंडीने.

तेवढ्यात तुझी वहिनी शाल घेऊन वर आली. आजवर मी बोलावलं की ती यायची, चष्मा काढायची, डोळा लावायची, छान आहे म्हणायची आणि खाली जायची. मला वाटायचं, तिला गोडी नाही. काही हरकत नाही, प्रत्येकाला असतेच असं नाही. त्या दिवशी मी म्हटलं, चष्मा राहू दे, तसंच बघ. ती वाकली. आणि वर येईना. मी शाल माझ्याच अंगावर घेतली. बऱ्याच वेळाने, डोळा न काढता तिने विचारलं, ह्या आधीपासून अशाच होत्या का?

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तिच्या चष्म्यालाही तसाच नंबर आहे, लग्नाआधीपासून. तिला आजवर काहीही धड दिसलेलं नव्हतं. छान आहे, ते ती माझ्याकडे बघून म्हणत होती.

मी म्हटलं, हो, अशाच होत्या. ती हूं म्हणाली आणि परत वाकली.

कालही आकाश मोकळं होतं. जेवण आटोपून मी वर गेलो, तर चादर आधीच घडी घालून ठेवलेली आणि बाईसाहेब आयपीसपाशी. नळी कुठे रोखली होती कोण जाणे, तिलाही माहीत नव्हतं. मी विचारलं, मला कधी मिळणार? तर म्हणाली, थांबा जरा, आत्ताच तर आलेय. मी उलटी बादली ओढून घेतली आणि बसलो. अजून बसलोच आहे असं समज.

तू ये. बादली आणखी एक आहे. आमच्या दोघांचा लोभ आहेच, त्यातला आज माझा जास्त धर. तिला सध्या वेळ नाही.

तुझा,
दादा